काचेवरची अक्षरं

बरेच दिवसांनी लिहितोय. दिग्रसच्या मंडळींनी ‘काही नवीन नाही का?’ असं तीनदा विचारून झालं, म्हणून ही २०१८ सालची गोष्ट. तेव्हाच लिहायची होती, राहून गेली.

त्या वर्षी जूनमध्ये मावसभावाचा फोन आला. तो तिकडे शाळेत शिक्षक आहे. म्हणाला, "दादा, तू पुण्याले कंपनीत दिवसभर पीपीटीच बनवतं न? मंग एक आमच्यासाठी बनव." मी हसलो. पण त्याला कशासाठी पाहिजे होती ते ऐकल्यावर हसू थांबलं. आदल्या वर्षी, म्हणजे २०१७च्या पावसाळ्यात, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो लोक दवाखान्यात पडून होते. पेपरात, टीव्हीवर सगळीकडे यवतमाळ. पुण्यात ऑफिसमधले लोक विचारायचे, तुमच्याकडे असं कसं झालं हो? मला काही सांगता यायचं नाही. भावाने आणि त्याच्या चार मित्रांनी ठरवलं होतं, की या हंगामात फवारणी सुरू व्हायच्या आधी आसपासच्या गावांत जाऊन सुरक्षित फवारणीबद्दल सांगायचं. प्रोजेक्टर शाळेचा, लॅपटॉप भावाचा, आणि पीपीटी माझी.

मी दोन रात्री जागून चौदा स्लाइडी केल्या. जालावरून माहिती काढली, मराठीत आणली, मुद्दे पाडले. प्रत्येक मुद्द्यापुढे छान गोल टिंब. कोपऱ्यात कपाशीच्या बोंडाचं चित्र, ते सगळ्या स्लाइडींवर तेच. मागे फिकट हिरवा रंग, शेती ना! मला तर फारच आवडली. जुलैत सुटी काढून मी स्वतः गेलो, म्हटलं आपण केलंय तर आपणच सांगू.

दिग्रसपासून जवळच्या एका गावात समाजमंदिरात पहिला कार्यक्रम. पन्नास-साठ माणसं होती, बायाही होत्या. मी सुरुवात केली. पहिली स्लाइड, दुसरी, तिसरी... मी वाचतोय, लोक बघताहेत. भिंतीकडे नाही, एकमेकांकडे. चौथ्या स्लाइडला मागून एका मावशीचा आवाज आला, "भाऊ, हे अक्षरं हायेत का मुंग्या?"

हशा पिकला. मीही हसलो, पण कान गरम झाले. त्याच मावशीने पुढे विचारलं ते जास्त लागलं. "माणूस पंप पाठीवर घेते, पण ड्रमात पाणी अन् औषध मी कालवतो. मले कोन सांगते?" (आपल्याकडच्या बाया ‘मी कालवतो’ असंच म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी गोंधळू नये.) माझ्या चौदा स्लाइडींत ड्रम नव्हताच. सगळं फवारणाऱ्याबद्दल. कालवणाऱ्या बाईबद्दल एक ओळ नाही.

कार्यक्रम संपल्यावर एक आजोबा जवळ आले. औषधाच्या डब्यावरच्या रंगाचं मी बोललो होतो, त्याबद्दल त्यांना विचारायचं होतं. "हिरवा रंग म्हणजे पिकाले चांगलं, बरोबर न?" मी गप्प. कारण त्या डब्यावरचा हिरवा त्रिकोण म्हणजे ‘चांगलं’ नाही. ते पुढे सांगतो.

रात्री घरी जेवताना हा सगळा पराक्रम सांगितला. बाबा म्हणाले, "तुला स्लाइड शिकायची तर पेंटरकडे जा." मला वाटलं गंमत करताहेत. पण ते खरंच म्हणत होते.

आता इथे थोडं मागे जायला हवं. माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल, टॉकीजमध्ये पिच्चर सुरू व्हायच्या आधी आणि मध्यंतरात पडद्यावर स्लाइडी दाखवायचे. गावातल्या कापड दुकानाची, सायकल दुकानाची, नव्या आलेल्या डॉक्टरांची. ‘धूम्रपान करू नये’, ‘शांतता राखा’, ‘पुढील आकर्षण’. स्लाइड उलटी लागली की पब्लिकच्या शिट्ट्या. मग फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट, त्यात बहुधा कुठेतरी पूर आलेला असायचा. या स्लाइडी काही मुंबईहून येत नसत. त्या गावातलाच पेंटर करायचा, जो दुकानाच्या पाट्या रंगवायचा, ट्रकच्या मागे अक्षरं काढायचा आणि निवडणुकीत भिंती. आमच्याकडचे पेंटरकाका अजून आहेत. हात थोडा थरथरतो, पण ब्रश टेकला की थरथर थांबते, हे मी स्वतः पाहिलंय.

काकांनी पेटीतून दोन जुन्या काचा काढून दाखवल्या. तळहाताएवढ्या, साधारण सव्वातीन इंच चौरस. (हे माप फार जुनं. इंग्लंडमध्ये मॅजिक लँटर्नच्या काचांचं हेच प्रमाण माप होतं, आणि आमच्या टॉकीजपर्यंत तेच पोचलं.) एका काचेवर काळा रंग फासायचा, वाळला की टोकदार सळईने अक्षरं कोरायची. कोरलेल्या जागेतून उजेड जातो. मागून रंगीत जिलेटिनचा कागद, त्याच्यावर दुसरी काच, आणि चारी कडांना काळी कागदी पट्टी चिकटवून टाकायची. चित्र काढायचं तर पारदर्शक रंगाने थेट काचेवर. प्रोजेक्टरच्या उजेडाने काच तापते, म्हणून रंग पातळ पाहिजे.

मी विचारलं, "काका, एका काचेवर किती लिहायचे?"

"दुकानदार तं म्हने सगळं लिहा. साड्या, धोतर, शर्टिंग, सुटिंग, उधार बंद. मी म्हनो, मालक, तुमची काच धा सेकंद ऱ्हाते पडद्यावर. तेवढ्यात लोकं बिड्या पेटोतेत. नाव, एक चित्र, अन् कुठी हाय ते. बस."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं दुकानात सांगा न. तोंड हाय न तुमाले."

मी घरी येऊन हे वहीत लिहून ठेवलं. मग लागलो शोधायला, की ही काचेची गोष्ट सुरू कुठून झाली. आणि जे सापडलं त्याने मी अगदी गुंगून गेलो, म्हणून तुम्हालाही सांगतो.

मॅजिक लँटर्न ही युरोपातली सतराव्या शतकातली वस्तू. तिच्या शोधाचं श्रेय बहुतेक वेळा डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्सला दिलं जातं, साल १६५९. दिवा, भिंग, मध्ये रंगवलेली काच, समोर पांढरी भिंत किंवा चादर. एवढंच यंत्र. ते पुढची दोनशे वर्षं जगभर फिरलं, आपल्याकडे साहेबाबरोबर आणि मिशनऱ्यांबरोबर आलं. पण आपल्या एका मराठी माणसाने त्याचं जे केलं ते वेगळंच.

कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला, साधारण १८९२च्या सुमारास, त्यांनी मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. आणि त्याला नाव काय दिलं, तर ‘शांबरिक खरोलिका’. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं एखाद्या आयुर्वेदिक काढ्याचं नाव आहे. पण हे ‘मॅजिक लँटर्न’चंच संस्कृत रूप. शंबर हा पुराणातला मायावी असुर, त्याच्यावरून शांबरिक, म्हणजे जादूचा. काय हौस असेल बघा! परदेशी यंत्राला नुसतं ‘जादूचा कंदील’ म्हणून भागलं असतं. पण नाही, पार पुराणात नेऊन ठेवलं.

पटवर्धनांचं काम साधं नव्हतं. काचांवरची चित्रं हाताने रंगवलेली. रामायण-महाभारतातल्या कथा. एकाच पात्राच्या वेगवेगळ्या स्थिती वेगवेगळ्या काचांवर काढायच्या आणि त्या पटापट बदलायच्या, म्हणजे पात्र हललं असं वाटतं. एकापेक्षा जास्त कंदील वापरायचे, एक चित्र विरत असताना दुसरं उमटायला लागतं. मुलं हाताशी. आणि या सगळ्याबरोबर निवेदन, संवाद, गाणी. हे लक्षात घ्या, की मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा सिनेमा दाखवला गेला तो ७ जुलै १८९६ला. म्हणजे सिनेमा आपल्या देशात पोचायच्या आधी कल्याणचं एक कुटुंब अंधारात पडद्यावर पात्रं हलवत होतं. पुढे सिनेमा आला आणि या खेळांचे दिवस गेले, तरी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत पटवर्धनांची खरोलिका चालू होती. शाळेत आपल्याला फाळके शिकवले, ते योग्यच. पण पटवर्धनांची एक ओळ तरी हवी होती, असं मला फार वाटतं.

मला यातलं जे महत्त्वाचं वाटलं ते हे, की काचेवर चित्र होतं आणि शब्द बाहेर होते. शब्द माणसाच्या तोंडात होते. चित्र काय ‘आहे’ ते दाखवत होतं आणि आवाज काय ‘झालं’ ते सांगत होता. दोघं एकमेकांची कामं करत नव्हते.

आणि हे पटवर्धनांना कुणी शिकवायची गरजच नव्हती, कारण ते आपल्याकडे आधीपासून होतं. चित्रकथी! सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी म्हणून गाव आहे. तिथल्या ठाकर समाजात चित्रकथीची परंपरा आहे. सुट्या कागदांवर रंगवलेली चित्रं, एका आख्यानाची एक पोथी. सांगणारा एकेक चित्र समोर धरतो आणि गात-बोलत कथा सांगतो, साथीला वीणा, टाळ आणि हुडूक. एक चित्र संपलं की पुढचं. म्हणजे स्लाइडच की! फक्त वीज लागत नाही. या कलेसाठी पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथीची जुनी चित्रं आहेत, पुणेकरांनी जाऊन बघावीत. (मी स्वतः पुण्यात अकरा वर्षं राहून बाराव्या वर्षी गेलो. असो.)

चित्रकथकाचा उल्लेख तर बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात आहे. तो लिहिला कल्याणीच्या चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने. कल्याणी म्हणजे आताचं कर्नाटकातलं बसवकल्याण, पटवर्धनांचं कल्याण वेगळं. योगायोग फक्त नावाचा, पण मला गंमत वाटली.

चित्रकथीची चित्रं नीट बघितलीत तर एक गोष्ट दिसते. त्यात पसारा नाही. मागे डोंगर, झाडं, आकाश यांची गर्दी नाही. रावण आहे तर रावण ठसठशीत, डोळे मोठे, हात वर. लांब बसलेल्या माणसाला कळायला पाहिजे. लिहिलेलं तर जवळजवळ काहीच नाही, कारण ऐकणाऱ्यातल्या बहुतेकांना वाचता येत नसे. आपण हे ‘लोककला’ म्हणून कौतुकाने बघतो. पण त्यात केवढा हिशोब आहे! शेवटच्या रांगेतला माणूस काय बघेल याचा हिशोब. माझ्या चौदा स्लाइडींत तो नव्हता.

मग मूकपट आले. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ला मुंबईत गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. मूकपटात मध्ये मध्ये मजकुराच्या पाट्या यायच्या. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये त्या इंग्रजी आणि हिंदीत होत्या. म्हणजे इथे पहिल्यांदा चित्र थांबतं, मजकूर येतो, मजकूर जातो, परत चित्र. आणि प्रेक्षकांत वाचता न येणारे खूप, म्हणून त्या काळी थिएटरात कुणीतरी पाट्या मोठ्याने वाचून दाखवायचं. पुन्हा आवाज आलाच.

या सगळ्या काळात जादूचा कंदील व्याख्यानांतही फिरत होता. आरोग्य, शेती, सहकार, धर्मप्रसार, सगळ्यांनी वापरला. ब्रिटिश सरकारने तर शाळेतल्या मुलांना साम्राज्य दाखवायला स्लाइडींची व्याख्यानं तयार केली आणि १९०७मध्ये ह्यू फिशर नावाच्या चित्रकाराला फोटो आणि चित्रं गोळा करायला हिंदुस्थानात पाठवलं. म्हणजे हे साधन काही फक्त भल्या कामाला वापरलं गेलं असं नाही. चांगलं चित्र आणि ठाम आवाज एकत्र आला की लोक विश्वास ठेवतात, मग सांगणारा कोण का असेना.

(आपल्या वऱ्हाडात मात्र सगळ्यात मोठा सादरकर्ता बिनकाचेचा होता. गाडगेबाबा. हातात खराटा, डोक्यावर गाडगं. प्रश्न विचारायचे आणि लोकांकडून उत्तर घ्यायचे. लोक झोपणार कसे, उत्तर द्यावं लागायचं ना! आमचे आजोबा त्यांचं कीर्तन ऐकल्याचं सांगायचे. काय ऐकलं ते आठवायचं नाही, पण आपण काय उत्तर दिलं ते आठवायचं.)

आता पॉवरपॉइंट. हा आमच्या पोटापाण्याचा विषय, त्यामुळे जरा जपून बोलतो. रॉबर्ट गास्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीत हे बनवलं. सुरुवातीला नाव ‘प्रेझेंटर’ होतं. एप्रिल १९८७मध्ये ते मॅकिंटॉशसाठी बाजारात आलं, काळं-पांढरं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी एक कोटी चाळीस लाख डॉलरना विकत घेतली. त्या पहिल्या आवृत्तीतून पडद्यावर काही दाखवायचं नसून ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी पारदर्शक कागद छापायचे होते. कॉलेजात सरांनी ते कागद एकावर एक ठेवून, खालच्या ओळी कोऱ्या कागदाने झाकून, एकेक ओळ ‘उघडून’ दाखवल्याचं तुम्हाला आठवत असेल. आमचे एक सर तो कागद बोटाने धरत, आणि भिंतीवर त्यांचं बोट गॅस सिलिंडरएवढं दिसायचं.

इथे एक बदल झाला आणि तो कुणाच्या फारसा लक्षात आला नाही, असं मला वाटतं. काच करायला पेंटर लागायचा. कोरायला वेळ लागायचा, चुकलं तर काच पुसून पुन्हा. म्हणून प्रत्येक अक्षर लिहायचं की नाही याचा विचार व्हायचा. संगणकावर अक्षरं फुकट झाली. एक ओळ घाला नाहीतर वीस, खर्च तोच. बसत नसेल तर टाइप लहान करा. मग बोलणाऱ्याच्या टिपणवहीत जे असायचं ते भिंतीवर आलं, आणि जे भिंतीवर असायचं, चित्र, ते कोपऱ्यातल्या बोंडाएवढं झालं. माझंच उदाहरण.

याने नुसता कंटाळा आला असता तर ठीक होतं. पण एक प्रसंग असा आहे, की तो वाचल्यापासून मी ऑफिसातसुद्धा स्लाइड करताना थांबतो. कोलंबिया यान. १६ जानेवारी २००३ला उड्डाण झालं, आणि दीड मिनिटाच्या आत बाहेरच्या टाकीवरच्या फेसाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच अभियंत्यांनी याचा विचार करून अधिकाऱ्यांपुढे स्लाइडी मांडल्या. त्यातल्या एका स्लाइडचं मथळ्यातलं म्हणणं धीर देणारं होतं, चाचण्यांच्या माहितीवरून काळजीला फारसं कारण नाही अशा थाटाचं. खाली मुद्दे, त्याखाली उपमुद्दे, त्याखाली आणखी बारीक उपमुद्दे. आणि अगदी तळाच्या ओळीत खरी गोष्ट: यानावर आदळलेला तुकडा सुमारे १९२० घनइंचाचा, आणि ज्या चाचण्यांच्या भरवशावर वरचा मथळा उभा होता त्यातला तुकडा ३ घनइंचाचा. म्हणजे ६४० पट मोठा! चाचणी या प्रसंगाला लागूच पडत नव्हती, पण ते सगळ्यात खाली, सगळ्यात लहान अक्षरांत. १ फेब्रुवारीला परत येताना यान फुटलं. सात जण गेले, त्यात आपली कल्पना चावला.

एडवर्ड टफ्टी या अमेरिकी अभ्यासकाने त्या स्लाइडची ओळन् ओळ तपासली, आणि अपघाताच्या चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३च्या अहवालात त्याची दखल घेतली. स्लाइडमुळे यान पडलं असं कुणीच म्हणत नाही, यान पडलं फेसाच्या तुकड्याने. पण धोका कागदावर लिहिलेला असून वाचणाऱ्यांना दिसला नाही. मी विचार करतो, की त्या जागी नुसती दोन चित्रं शेजारी शेजारी असती तर? एक काडेपेटी आणि शेजारी भलीमोठी सूटकेस. खाली एकच ओळ: ‘चाचणी डावीकडच्याची केली, आदळलं उजवीकडचं.’ आमचे पेंटरकाका असते तर त्यांनी तेच केलं असतं.

याचं शास्त्रही आता आहे. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात वर्षानुवर्षं प्रयोग केले, त्याचं ‘मल्टिमीडिया लर्निंग’ हे पुस्तक २००१चं. त्यातला एक निष्कर्ष मला थेट लागू पडला. चित्र दाखवून तोंडाने सांगितलं तर लोकांना चांगलं कळतं. पण तेच शब्द परत पडद्यावर लिहिले आणि वाचूनही दाखवले, तर कमी कळतं. कारण डोळ्यांना चित्र बघायचं असतं आणि ते अक्षरांत अडकतात. ‘तोंड हाय न तुमाले’ याचंच हे विद्यापीठातलं रूप.

आता तो हिरवा त्रिकोण. आपल्याकडे कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर, बाटलीवर, एक उभा चौकोन असतो, टोकावर उभा केलेला. १९७१च्या कीटकनाशक नियमांनी ठरवलेला. त्याचे दोन त्रिकोण. खालच्या त्रिकोणात रंग, वरच्यात इशारा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याच्या वर कवटी-हाडं आणि ‘विष’. पिवळा म्हणजे अतिविषारी, तिथेही ‘विष’, पण कवटी नाही. निळा म्हणजे मध्यम, वर ‘धोका’. हिरवा म्हणजे कमी विषारी, वर ‘सावधान’. कल्पना चांगली आहे, चित्र आणि शब्द एकत्र, वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून. पण शेतात उभं राहून बघा. पिवळा रंग म्हणजे हळद, भंडारा, सोन्यासारखा. त्याला अतिविषारी कोण समजेल? निळं तर आकाश. आणि हिरवं म्हणजे पीक. सिग्नलचा अर्थ घ्यायचा तर हिरवं म्हणजे ‘जा’! रंग ठरवणाऱ्याने त्याचा अर्थ कागदावर लिहून ठेवला, पण बघणाऱ्याच्या डोळ्यात त्या रंगाचा आधीच एक अर्थ असतो. डब्यात जी घडी घातलेली माहितीपत्रिका येते, तिच्यात सगळं असतं, मराठीतसुद्धा. मी ती समाजमंदिरात घेऊन गेलो होतो. चष्मा लावूनही मला ती वाचायला दारात, उजेडात जावं लागलं. मुंग्याच.

मी परत काकांकडे गेलो. म्हटलं, सात चित्रं पाहिजेत. काका म्हणाले आता काच कुठून आणू. म्हटलं काच नको, कार्डशीटवर काढा, मी मोबाइलने फोटो काढून लॅपटॉपवर घेतो. त्यांना ते फारसं पटलं नाही, पण काढली.

पहिलं चित्र फवारणाऱ्याचं, वारा पाठीमागून. वारा कसा दाखवायचा यावर आमचा वाद झाला. मी बाण काढा म्हटलं. काकांनी बाण काढला नाही, माणसाच्या दुपट्ट्याचं टोक पुढे उडताना काढलं. दुसऱ्यात नोझलला तोंड लावणारा माणूस आणि त्याच्यावर लाल फुली. (चोंदलेलं नोझल तोंडाने फुंकायची सवय फार वाईट आणि फार सर्रास.) तिसऱ्यात पूर्ण बाह्या, हातमोजे, तोंडाला फडकं नव्हे तर मास्क. चौथ्यात दोन बाटल्या एका ड्रमात रिकाम्या करणारा हात, फुली. पाचवं चित्र त्या मावशीचं. ड्रमाजवळ उभी बाई, हातात लांब काठी, हातमोजे घातलेले. बाई काढताना काकांनी नऊवारी काढली, मी म्हटलं काका आता कोण नेसतं शेतात, तर म्हणाले, "माही माय नेसे." ठेवली. सहाव्यात रिकामा डबा आणि त्यातून पाणी पिणारं पोर, मोठी फुली. सातव्यात माणूस दवाखान्यात, आणि सोबतच्याच्या हातात तीच औषधाची बाटली. कारण कोणतं औषध होतं हे डॉक्टरला कळलं तर उपचार लवकर सुरू होतात. २०१७च्या बातम्या वाचताना मी वारंवार इथेच अडकायचो.

प्रत्येक चित्राखाली दोन ते चार शब्द. ‘वारा पाठीमागून.’ ‘तोंडानं फुंकू नका.’ ‘बाटली सोबत न्या.’ काकांनी ते शब्दही ब्रशनेच लिहिले, पाटीवर लिहितात तसे जाड. रंगाच्या चौकोनासाठी मात्र चित्र काढलं नाही. खऱ्या चार डब्यांचे फोटो काढले, चौकोन पूर्ण पडदा भरेल एवढा मोठा केला, आणि हिरव्यावर फक्त एवढंच: ‘हेही विषच.’

दुसऱ्या कार्यक्रमाला मी नव्हतो, सुटी संपली होती. बोलला भाऊ. मी मुद्द्यांचा एक कागद त्याला दिला होता, तो म्हणे खिशातच राहिला, कारण चित्र बघून लोकच बोलायला लागले. कोण म्हणालं आमच्याकडे दुपारी फवारतात, कोण म्हणालं मास्कमध्ये गुदमरतं. मास्कमध्ये गुदमरतं हे खरंच आहे, ऑगस्टमध्ये डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत दमट हवेत उभं राहून बघा. त्याला चित्रात उत्तर नव्हतं आणि भावाकडेही नव्हतं. तो म्हणाला सकाळी लवकर करा, ऊन चढायच्या आत. कुणीतरी म्हणालं, मजूर आठलेच येते, मंग? त्यावरून अर्धा तास वाद झाला. मजुरीच्या वेळेचा. स्लाइड तिसरीवरच थांबलेली.

शेवटी बायांनी सातव्या चित्राचे मोबाइलवर फोटो काढून घेतले. आमच्या त्या पहिल्या गावच्या मावशी या गावी माहेरी आल्या होत्या. त्यांनी भावाला पाचवं चित्र परत लावायला सांगितलं, आणि काठी अजून लांब पाहिजे म्हणाल्या, ड्रम खोल असतो.

काकांना सांगितलं. त्यांनी कार्डशीट मागून घेतलं आणि काठी टीचभर वाढवून दिली. सात चित्रांचे सातशे घेतले, काठीचे घेतले नाहीत.